चावीवर चालू झाली पाहिजे

"हत्यारं पूजेत आहेत, अंकुश. आज पान्ह्याला हात लावत नाही मी."

असं स्पष्ट सांगितलं तरी अंकुश मोटारसायकलवरून उतरला नाही आणि वळलाही नाही. इंजिन चालू ठेवून, एक पाय जमिनीला टेकवून दुकानाच्या दारात तसाच उभा राहिला.

दसऱ्याची सकाळ होती. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी माझी सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन, पुसून पाटावर मांडली होती. पक्कड, पान्हे, टेस्ट लॅम्प, बॅटरीची टर्मिनलं घासायचा जुना टूथब्रशसुद्धा. त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूची फुलं घातली होती. कवठ्यात स्टँडच्या मागं माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, लोक मला शिवा वायरमन म्हणून ओळखतात. ही हत्यारं वर्षभर माझ्या हातचा मार आणि तोंडच्या शिव्या खातात. निदान एक दिवस त्यांना निजू द्यावं, दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावरच उठवावं, असा माझ्या उस्तादांचा नेम होता. मी देवळात फारसा जात नाही, उपासतापासाच्या वाटेला तर कधीच नाही. पण हा एक नेम कधी मोडलेला नव्हता.

"हात लावू नकोस. नुसता येऊन बघ," अंकुश म्हणाला. "गाडी चावीवर घेईना."

"मग ढकला की. जुनी डिझेलची गाडी, उताराला लावली की घेईल."

"घेतली. ढकलल्याबरोबर घेतली. पण चौगुले अण्णा म्हणतात, चावीवर चालू झाली तर नेतो. दसऱ्याच्या दिवशी ढकललेली गाडी दारात न्यायची नाही म्हणतात."

चौगुल्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. मिरजेला त्यांच्या गाड्यांचा ताफा होता आणि प्रत्येक गाडी त्यांनी दसरा नाहीतर पाडवा बघूनच घेतलेली. चांगल्या दिवशी मालकानं चावी हातात द्यायची, घेणाऱ्यानं नारळ फोडायचा, चावी फिरवायची आणि गाडी हुंकार देऊन निघायची. पहिल्याच दिवशी चार माणसांनी मागून रेटा द्यायचा म्हटल्यावर कुणाच्याही मनात यायचंच.

मी पाटाकडं एकदा बघितलं, दुकानाची फळी ओढली आणि मोकळ्या हातांनी अंकुशच्या मागं बसलो.

अंकुश कोळेकर माझ्याबरोबर सातवीपर्यंत एका बाकावर होता. त्याचा बाप, तात्या कोळेकर, आमच्या भागातला नावाजलेला ड्रायव्हर. तासगावचा बेदाणा भरून कुठल्या कुठं जायचे, पण गाडीला ओरखडा नाही आणि माल कधी भिजला नाही. स्वतःचा ट्रक घेतल्यावर तर त्या ट्रकला ते घरातल्या माणसासारखं जपत. सातवी झाल्यावर अंकुशला त्यांनी पुण्याला आत्याकडं शिकायला पाठवून दिलं आणि तो तिकडचाच झाला. पिंपरीला कारखान्यात नोकरी, फ्लॅट, बायको, एक मुलगा. त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास तात्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

हिंगणवाडीच्या रस्त्याला लागल्यावर अंकुश मान मागं वळवून वळवून बोलत होता.

"दोघांना घेऊन जातो तिकडं. लिफ्टची बिल्डिंग आहे. व्यायाम करून घेणारा माणूस घरी येणार आहे, सगळं ठरवलंय. आई तयार झालीय. गाडी एवढी मार्गी लागली की घराला कुलूप लावायचं."

"गाडी तूच का ठेवून घेत नाहीस?"

"मला चालवता येते कुठं?" तो हसला, पण हसण्यात जोर नव्हता. "तात्यांनी शिकवलीच नाही. ड्रायव्हरच्या पोरानं ड्रायव्हर व्हायचं नाही, असा त्यांचा हट्ट. लहानपणी मांडीवर घेऊन बसायचे. गिअरच्या मुठीवर माझा हात आणि माझ्या हातावर त्यांचा. पहिला, दुसरा, तिसरा. मला वाटायचं मीच टाकतोय. पुण्याला धाडलं, तेव्हापासून तेही बंद."

थोडं पुढं गेल्यावर तो परत म्हणाला, "आता तर माझ्याकडं बघतात आणि बघतच राहतात, शिवा. ओळखतात की नाही तेही कळत नाही. पोराला पायाशी बसवला, 'आजोबा, आजोबा' करून तो दमला. यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. डॉक्टर म्हणतात, असं होतं."

माणसांच्या दुखण्यातलं मला काय कळतं? गाड्यांचं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

कोळेकरांचं घर वाडीच्या टोकाला. समोर मोठं अंगण, अंगणात लिंबाचं झाड, झाडाखाली खाट आणि खाटेवर उशांच्या आधारानं बसवलेले तात्या. खाटेसमोर ट्रक उभा. झेंडूचं तोरण, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांना हळद. अशी नटलेली गाडी नुसती उभी बघून मला उगाचच वाईट वाटलं. शेजारी खुर्ची टाकून चौगुले अण्णा बसले होते, मांडीवर पिशवी आणि पिशवीत नारळ. त्यांचा ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता.

"ये शिवा," अण्णा म्हणाले. "परवा ट्रायलला चावी लावली न् लावली तवर घेतली हिनं. आज नवरीगत रुसून बसलीया."

दारात चांगुणाकाकी, अंकुशची आई, उभी होती. मी हात जोडले. तिनं मान हलवली आणि आत गेली. काकी एरवी मला लांबूनच हाक मारणारी बाई. आज सणाचा दिवस असून तिनं 'जेवलास का' एवढंही विचारलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं. पण घर सोडून जायचं म्हटल्यावर बाई गप्प होणारच, असं मी मनाशी धरलं.

मी केबिनमध्ये चढलो. चावी फिरवली. समोरचे दिवे लागले. पुढं फिरवली, सेल्फकडून काहीच नाही.

आता इथं थोडं समजून घ्यावं लागेल. सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटार. बॅटरी उतरली असली तरी सेल्फ निदान 'टक टक' करतो. सेल्फच बिघडला असला तर एकदाच 'टक' होऊन थांबतो. इथं तर टक नाही की टिक नाही. म्हणजे चावीपासून सेल्फपर्यंत करंटच पोचत नव्हता. मी हॉर्न दाबला. लिंबावरचे कावळे उडाले. हेडलाइट लावून खाली उतरून बघितलं, तर भरदिवसा डोळ्यांना टोचावा असा उजेड.

"बॅटरी ठणठणीत आहे," मी म्हणालो.

"म्हंजे खराबी काय?" अण्णांनी विचारलं.

"थांबा. गाडीलाही थोडं बोलू द्या."

बाजूची बॅटरीची पेटी उघडली. मला वाटलं होतं, टर्मिनलांवर पांढरा खार चढलेला असेल. सहा-सात महिने उभ्या गाडीची बॅटरी म्हणजे दुसरं काय दिसणार? पण टर्मिनलं लखलखीत, त्यांना ग्रीस लावलेलं, पाणी काठोकाठ.

"अंकुश, ट्रायलच्या आधी ही कधी चालू केली होती?"

"छे. तात्या पडले त्या दिवशी लावली ती तिथंच."

"बॅटरी चार्ज करून आणली होती का?"

"नाही रे. चौगुल्यांचा ड्रायव्हर बसला, आईनं चावी दिली, फिरवली आणि झाली चालू."

माझ्या मनात पाल चुकचुकली. इतके महिने उभी राहिलेली बॅटरी अशी ताजीतवानी राहत नाही. कुणाच्याही गाडीत राहत नाही. पण सगळ्यांसमोर बोलण्याआधी खात्री करून घ्यावी, ही सवय धंद्यानंच लावलेली आहे.

"इंजिन एकदा ऐकतो," मी म्हणालो. "ढकला बरं."

अंगणाचा उतार रस्त्याकडं होता. शेजारची चार माणसं आली, अंकुशनंही खांदा लावला. अण्णांचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसला. गाडी पाच-सात हात गेली असेल नसेल, त्यानं क्लच सोडला आणि इंजिन धडधडायला लागलं. मी कान देऊन ऐकत होतो. एकसारखा, जड, जुन्या इंजिनाचा समाधानी आवाज. सहा महिने बंद असलेलं इंजिन असं चालत नाही. ते आधी खोकतं, थुंकतं, काळा धूर ओकतं.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "तात्या काहीतर म्हणत्यात."

मी वळून बघितलं. तात्यांचा डावा हात मांडीवरून उठला होता. हवेत थोडा पुढं गेला, थोडा मागं आला.

"पाणी पाहिजे का, तात्या?" अंकुश धावत गेला. तांब्या ओठाला लावला. पाणी हनुवटीवरून सांडलं.

"गाडी निघाली म्हनून जीव कासावीस हुतोय म्हाताऱ्याचा," अण्णा हळहळले. "हाताची आठवण जात न्हाई रं."

ड्रायव्हरनं गाडी मागं घेऊन खाटेसमोर पहिल्या जागी लावली आणि बंद केली. तात्यांचा हात मांडीवर पडला.

मी परत केबिनमध्ये शिरलो आणि स्टिअरिंगखाली उताणा पडून वायरी चाचपायला लागलो. करंट दाखवणारा टेस्ट लॅम्प असता तर काम चुटकीसरशी झालं असतं, पण तो पाटावर निजलेला. बोटांनीच काम भागवायचं होतं. चावीच्या मागून निघालेल्या वायरींची जुडी कंपनीची होती, जुन्या कापडी टेपनं गुंडाळलेली. त्यात एका ठिकाणी बोटाला वेगळी टेप लागली. प्लास्टिकची, नंतर कुणीतरी मारलेली. तिथून दोन वायरी जुडी सोडून सीटच्या खाली गेल्या होत्या.

चोर स्विच. पूर्वी लांब पल्ल्याचे ड्रायव्हर असा एखादा लपवलेला स्विच बसवून घ्यायचे. रात्री ढाब्यावर गाडी लावली की तो बंद करायचा. चोराजवळ चावी असली तरी सेल्फ घेणार नाही. जागा कुणालाही सांगायची नाही, क्लीनरलासुद्धा नाही.

मी वायरींच्या मागोमाग हात नेला. सीटखाली, पाठीमागच्या पत्र्याला लागून, बोटभर मोठा खटका हाताला लागला. बंद होता. मी तो दाबणारच होतो, पण आधी बाहेर काढलेल्या हाताकडं लक्ष गेलं. बोटाच्या टोकाला लाल लागलं होतं.

मला वाटलं कापलं. बोट चोळून बघितलं, तर कुंकू.

मान वाकडी करून सीटखाली बघितलं. खटक्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. खंडेनवमीला गाडीची पूजा करताना कुंकू स्टिअरिंगला लागतं, गिअरच्या मुठीला लागतं, फार तर आरशाला. सीटच्या खाली, मागं, अंधारात कोण कुंकू लावतं?

मग केबिनमध्ये मी डोळे उघडून बघितलं. सीटवर धुळीचा कण नव्हता. समोरच्या कप्प्यात, जिथं ड्रायव्हर बिडीकाडी ठेवतो, तिथं मिसरीची डबी होती. उघडून वास घेतला. मिसरी ताजी.

"शिवा, चहा."

चांगुणाकाकी केबिनच्या दाराशी उभी होती. खाली, कपबशी हातात धरून. मी डबी हातात घेतलेली तिनं बघितली. मग माझं लाल बोट बघितलं.

"सापडलं व्हय?" ती अगदी हळू म्हणाली.

"काकी, हे तुम्ही केलं?"

ती पायरीवर पाय ठेवून थोडी वर आली, म्हणजे अंगणातल्या लोकांना ती मला चहाच देते आहे असं वाटावं. पदरानं तोंड पुसलं.

"ह्यांनी दावून ठेवलं हुतं मला. लगीन झाल्यावर चार-पाच वर्सं मी हिंडलेय की ह्यांच्यासंगं. कदी मला काय झालं तर गाडी तुझी, खटका हितं हाय, म्हनलं हुतं."

"पण का, काकी? दसऱ्याला गाडी चालू झाली नाही की अण्णा परत जाणार, हे ठरवून?"

"आनि काय करू?" ती म्हणाली. "रोज सकाळी उठून ह्यास्नी भायेर आनते, खाटंवर बसवते आन् गाडी चालू करते. अशीच बसते हितं मिसरी लावत, थोडा येळ. मानसं रानात गेली की करते, अंकुश आला आसला तर करत न्हाई. मागल्या वाडीतल्या पोराकडनं डब्यात डिझेल आनते. त्यानंच ती बॅटरीबी बघितली." ती थांबली. "गाडीचा आवाज आला की हसत्यात, शिवा."

"तात्या?"

"आर्धंच तोंड हसतंय. पन हसत्यात. हात हलतो. दिसभरात तेवढंच."

मी तिच्या हातातून कप घेतला. तो तोंडाला लावायचं राहून गेलं.

"मग हे अंकुशला सांगा की. तो काय वैरी आहे का?"

"वैरी असता तर सांगितलं असतं," काकी म्हणाली. "लई गुणाचं लेकरू हाय माजं. दर म्हयन्याला येतंय, बापाचं आंग पुसतंय, पाय दाबतंय. 'तात्या, मी अंकुश, तात्या, मी अंकुश' म्हनतंय. ह्यांची नजर हलत न्हाई. रातच्याला मागल्या दारी जाऊन रडलेलं बघितलंय मी. आन् त्याला सांगू, की तुज्या हाकंला न्हाई, ह्या लोखंडाच्या आवाजाला हसतोय तुजा बाप? कुटल्या तोंडानं सांगू?"

खाली अण्णांनी हाक मारली. "काय रं शिवा, च्या पितुयास का गाडीत संसार मांडलास?"

काकी पायरीवरून उतरली. उतरताना म्हणाली, "तुज्या मनाला यील तसं कर बाबा. तुला काय बोल लावनार न्हाई मी."

मी तिथंच बसून राहिलो. खटका माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर होता. टाचेनं दाबला असता तरी काम झालं असतं. मग चावी, मग नारळ, मग अण्णांची शाबासकी. मिरजेच्या त्या सगळ्या गाड्यांचं वायरिंग माझ्या दुकानात आलं असतं, त्यात शंका नाही. हत्यार न उचलता नुसत्या बोटांनी बिघाड शोधणारा वायरमन म्हणून चार गावांत नाव झालं असतं, आणि मला नाव आवडतं, खोटं कशाला बोलू? मी काचेतून तात्यांकडं बघितलं. ते गाडीकडं बघत होते. माझ्याकडं नाही, गाडीकडं.

मी खाली उतरलो.

"सापडत नाही, अण्णा."

"तुला सापडत न्हाई?"

"हत्यारं पूजेत आहेत. नुसत्या हातानं किती चाचपणार? उद्या बघू."

"उद्या कशाला? दसरा आज हाय." अण्णा उठले, पिशवी खांद्याला लावली. माणूस खट्याळ होता, पण वाईट नव्हता. तात्यांच्या जवळ जाऊन त्यांनी त्यांचा डावा हात हातात घेतला, क्षणभर धरला. मग अंकुशला म्हणाले, "माजा राग न्हाई बाबा. गाडीच्या मनात न्हाई, दुसरं काय? येतू." जाता जाता माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "शिवा वायरमनला सापडत न्हाई. ऱ्हाऊ दे."

त्यांची जीप धुरळा उडवत गेली. जमलेली माणसं पांगली. अंकुश पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. अण्णांना खोटं सांगताना मला जड गेलं नव्हतं. अंकुशकडं बघताना मात्र गेलं. तो बापासाठीच धडपडत होता आणि त्याच्या घरात त्यालाच सोडून सगळ्यांना खरं माहीत होतं. मला, काकीला, मागल्या वाडीतल्या डिझेलवाल्या पोराला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "संध्याकाळी सोनं घेऊन येतो. हत्यारंही आणतो. तोवर दुसऱ्या कुणाला बोलवू नकोस."

निघताना काकीला चुलीपाशी गाठली. ती पुरणपोळी लाटत होती, पण एकच पोळी किती वेळ लाटत होती देव जाणे.

"काकी, मी सांगणार नाही," मी म्हणालो. "पण तुम्हीही सांगू नका. संध्याकाळी नुसतं दाखवा."

तिनं ती पोळी उचलून तव्यावर टाकली.

दिवस कलायला लागल्यावर मी आपट्याची पानं घेऊन आलो. उस्तादांच्या नेमाप्रमाणं दुकानात सोनं वाहून पाट हलवला होता आणि हत्यारांची पिशवी खांद्याला होती. वाडीतली माणसं सीमोल्लंघन करून परतत होती. अंगणात अंकुश तात्यांना पाणी पाजत होता. मी तात्यांच्या डाव्या हातात सोनं ठेवलं आणि पाया पडलो. पानं त्यांच्या मुठीतून खाली घरंगळली.

"बघ आता," अंकुश थकलेल्या आवाजात म्हणाला. "गिऱ्हाईक तर गेलं. पण बिघाड काय होता, तेवढं तरी कळू दे."

मी पिशवी उघडली नाही. दाराकडं बघितलं.

काकी बाहेर आली. तिनं नव्या लुगड्याचा काष्टा आवळून घेतला होता. कुणाशी काही न बोलता ती गाडीकडं गेली, डाव्या हातानं दांडी धरली, पायरीवर पाय दिला आणि एका झोकात केबिनमध्ये जाऊन बसली. रोज चढणाऱ्या माणसासारखी. अंकुश तांब्या हातात धरून बघत राहिला.

"आई? काय करतेस?"

ती खाली वाकली. सीटखाली हात गेला. मग सरळ बसली, चावी फिरवली. सेल्फनं हिसका दिला आणि इंजिन धडधडायला लागलं.

अंकुशनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी नवल होतं, मग राग यायला लागला होता. मी बोटानं खाटेकडं दाखवलं.

तात्या हसत होते. तोंडाची डावी बाजू वर गेली होती, डोळे लहान झाले होते, गालाला सुरकुत्या पडल्या होत्या. डावा हात मांडीवरून उठला. किंचित डावीकडं गेला, पुढं रेटला गेला. थांबला. सरळ मागं आला. परत थांबला, मधल्या जागेत जरा हलला आणि पुढं गेला.

सकाळी हात हलताना आम्ही सगळ्यांनी बघितला होता, पण डोळे गाडीवर होते, तोंडाकडं कुणी नीट बघितलं नव्हतं, उलट त्यांना पाणी पाजलं होतं. ट्रकमध्ये ड्रायव्हरचा डावा हात कशावर असतो, हे मला, वायरमनला, कळू नये?

"गिअर टाकतायत," अंकुश म्हणाला. "पहिला. दुसरा. हा तिसरा."

"रोज टाकत्यात," काकी केबिनमधून म्हणाली. इंजिनाच्या आवाजात तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि मोठ्यानं बोलायचं म्हणूनच की काय, ती सगळं बोलली. "शिमगा झाल्यापास्नं रोज. तुला सांगितलं न्हाई. तुजं मन दुकंल म्हनून न्हाई सांगितलं. गाडी मीच बंद केली हुती, अंकुश. शिवाला सापडलं हुतं."

अंकुश खाटेजवळ उभा होता आणि बापाच्या हसण्याकडं बघत होता. त्याला किती लागलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. इतके महिने ज्या एका हसण्यासाठी त्यानं हाका मारल्या होत्या, ते हसणं समोर होतं आणि त्याच्यासाठी नव्हतं. मला वाटलं, आता हा उठून घरात जाणार.

तो गेला नाही. तांब्या खाली ठेवला. खाटेवर, तात्यांच्या डाव्या बाजूला, अंग चोरून बसला. मग त्यानं आपली मूठ वळली आणि बापाच्या तळहाताखाली, हवेत, धरली.

तात्यांचा हात मुठीवर टेकला. थांबला. बोटांनी मूठ चाचपली. अंकुशनं हात सैल सोडला होता. तात्यांनी मूठ घट्ट पकडली, पुढं रेटली, मागं ओढली, आडवी घेऊन पुन्हा पुढं, पुन्हा मागं. अंकुशचा हात त्यांच्याबरोबर जात होता. टॉप गिअर पडल्यावर तात्यांनी गाडीवरची नजर काढली आणि मान वळवून मुठीच्या मालकाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. तोंडाची डावी बाजू वर गेलेलीच होती, ती खाली आली नाही.

"तात्या, मी अंकुश," अंकुश म्हणाला.

काकीनं पदर तोंडाला लावला होता. गाडी बंद करायचं तिला सुचत नव्हतं आणि मी सुचवलंही नाही.

अंधारून आल्यावर तात्यांना आत नेलं. मी पिशवी उचलून निघालो. अंकुश मागून आला, गाडीपाशी थांबला, केबिनचं दार उघडून आत डोकावला. सीटखाली हात घालून त्यानं तो खटका चाचपला. एकदा दाबून बघितला, परत दाबला.

"शिवा, हत्यारं उठली ना आता?"

"उठली."

"मग जाण्याआधी एवढं कर," तो म्हणाला. "हा स्विच जरा वर घे. आईला फार वाकावं लागतं."

मी पिशवी खाली ठेवली आणि पक्कड काढली. तिच्यावर कालच्या पूजेचं कुंकू तसंच होतं.